ढिल्ली बाज

दोरीची बाज दुरुस्तीला आली की गहिनीनाथ लगेच कामाला हात घालत नसे. आधी ती उन्हात चार खुरांवर उभी करायची, दोन पावलं मागं सरायचं आणि वीण कुठं खचलीय ते बघायचं, ही त्याची रीत. सिरसाळ्याच्या बाजारतळाला लागून खताचं एक दुकान आहे. त्याच्या पत्र्याच्या सावलीत तो गेली चौदा वर्षं बाजा विणत आला. घरोघर प्लायवूडचे दिवाण आले तरी अंगणात एक बाज लागतेच, आणि ती ताणायला गहिनीनाथ लागतो, हे पार दिंद्रुडपर्यंत सगळ्यांना माहीत.

माणूस रोज झोपतं ते त्याच जागी झोपतं, त्यामुळं वीणही तिथंच खचते. गहिनीनाथला त्या झोळावरून घर कळायचं. एका काठाला झोळ असला की म्हातारं माणूस, रात्रीतून चारदा उठणारं. उशाकडं झोळ असला की कुणीतरी झोप सोडून बसून राहतंय. एकदा लिंबागणेशच्या एका बागायतदाराची रुंद सागवानी बाज टेम्पोत घालून आली होती. दोन्ही काठांना दोन खड्डे आणि मधली वीण कोरी, ताठ. गहिनीनाथ बराच वेळ बघत राहिला तसं टेम्पोवाल्यानं विचारलं, "काय बघायलाव मिस्त्री एवढं?"

"वाटणी झालीय," गहिनीनाथ म्हणाला. "मधी बांध घातलाय बघ."

"मग चांगल्या घरची बाज कसी आसती?"

"एकच झोळ आसतो. मधोमध."

एवढं बोलून तो कामाला लागायचा आणि चांगल्या घरची असो की वाईट, सगळे झोळ सारखेच काढून टाकायचा. त्याची बाज ताशासारखी ताठ असायची. ताणून झाली की खिशातलं लिंबू वर टाकायचा. ते टणकन उडून खाली मातीत पडलं पाहिजे. नाही उडालं तर पायथ्याची दोरी सोडून पुन्हा पहिल्यापासून.

एकच बाज त्याला दाद द्यायची नाही, आणि ती त्याच्या स्वतःच्या घरची होती.

ती त्यानं चौदा वर्षांपूर्वी केली, ऊसतोडीला जायचं बंद झालं त्या साली. नेहमीच्या बाजेपेक्षा दीड हात रुंद. त्याचा थोरला भाऊ तात्याबा ती बघून म्हणाला होता, "आरं, हिच्यावर झोपायचंय का खळं करायचंय?" एकोणीस हंगाम त्याची बायको भिवराबाई उसाच्या फडात जमिनीवर पाचट टाकून झोपली होती. खालून ओल यायची. आता तिची पाठ उचलून धरील अशी, कुठंही खड्डा न पडणारी बाज तिला द्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. दर अवसेला, म्हणजे अमावस्येला, त्याचं काम बंद असायचं. त्या दिवशी तो घरची बाज ताणायचा. लिंबू टाकून बघायचा. आणि चार दिवसांत बाज पुन्हा ढिल्ली.

त्यानं अंबाडीची दोरी काढून सुताची घातली. सुताची काढून नायलॉनची घातली. परळीचा दोरीवाला बदलला. खुरांना पाचर मारली. तरी चार दिवसांत पायथ्याची गाठ सुटलेली असायची आणि दोरीचं टोक विणीत खोचलेलं दिसायचं. लोंबू नये म्हणून भिवरानं खोचलं असंल, असं तो समजायचा.

"जगाच्या बाजा ताणता आन् घरच्या बाजंचा पाळणा झालाय," भिवराबाई चुलीपुढून म्हणायची.

"दोरीच बोगस निघाली."

"व्हय. दोरीच बोगस," ती म्हणायची आणि भाकरी उलटायची.

या वर्षी संक्रांतीनंतर तिला धाप लागायला लागली. आधी पाणी आणताना, मग नुसतं बोलताना. पायांवर सूज चढली. मुलगा आदिनाथ ट्रॅक्टरच्या गॅरेजात मिस्त्री आहे. त्यानं ओळखीच्याची गाडी काढून आईला बीडच्या दवाखान्यात नेलं. अकरा दिवस ती तिथं होती. डॉक्टरनं आदिनाथला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, छातीत पाणी साचतं, आता औषधावर जातील तेवढे दिवस. सपाट झोपवू नका. कायम अर्धं बसवून ठेवा, पंचेचाळीस अंशांत.

आदिनाथनं दवाखान्यात असतो तसा चावीचा लोखंडी पलंग आणून बाहेरच्या खोलीत लावला. चावी फिरवली की उशाकडचा भाग वर उचलायचा. पलंग अडीच फूट रुंद, दोन्ही बाजूंना नळीचे कठडे. गहिनीनाथनं घरची बाज उचलून त्याच्या शेजारी टाकली. भिवराबाई वर, टेकून बसलेली. तो खाली, आडवा. मधे कठडा.

ती कठड्यातून हात खाली सोडायची. तो धरायचा. थोड्या वेळात तिच्या हाताला नळी रुतायची, बोटं थंड पडायची, मग तोच तिचा हात उचलून परत वर ठेवायचा.

घरी आल्यावर आठव्या-नवव्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, सून रोहिणी भांडी घासायला मागं गेली होती. भिवराबाई एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मला ह्याच्यावरून काढा."

"पाय आवघडलेत का? चावी फिरवू?"

"आपल्या बाजंवर घ्या. एकदा तुमच्यापाशी नीट झोपू द्या. मग काय व्हायचं ते होऊ द्या."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं.

"आन् आधी ती ढिल्ली करा," ती म्हणाली.

"ढिल्ली? मी बाज ढिल्ली करीन व्हय? आन् तशीबी ती..."

बोलता बोलता त्यानं बाजेवर हात ठेवला आणि थांबला. वीण ताठ होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी अवस होती, तेव्हा त्यानं ती ताणली होती. त्याला आता तीन आठवडे होत आले. भिवरा दवाखान्यात होती तेव्हा बाजेवर एकटा आदिनाथ झोपला होता, नंतर तो स्वतः. तरी दोरी बोटभरसुद्धा सरकलेली नव्हती. तो उठून पायथ्याशी जाऊन बसला. तिथं त्याची स्वतःची दुहेरी गाठ होती, त्यानं मारली तशीच्या तशी.

दोरीचं खोचलेलं टोक त्याला आठवलं. चौदा वर्षं त्यानं ते अवसेच्या अवसेला उपसलं होतं. आता पहिल्यांदा त्याला त्याचा आकार डोळ्यांपुढं दिसला. दोन पीळ उलटे आणि टोक खालून वर सारलेलं. उसाची मोळी अशी बांधतात. मोळीला गाठ मारायला वेळ नसतो. वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ द्यायचा आणि टोक खोचायचं. फडात तो ऊस तोडायचा आणि मागून ती मोळ्या बांधत यायची. एकोणीस हंगामांत तिनं अशा किती लाख मोळ्या बांधल्या असतील.

"भिवरा," तो म्हणाला, "ही दोरी तू सोडायचीस?"

तिच्या चेहऱ्यावर दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. "घावलं का मिस्त्रीला? लई लवकर घावलं."

"कावून पण?"

ती श्वास जमा करत राहिली. मग म्हणाली, "ताठ बाजंवर माणूस आपापल्या काठाला ऱ्हातं. ढिल्ली आसली की मधी घरंगळतं. म्हणायचं काम पडत न्हाई."

"म्हणायचं की मग."

"काय म्हणायचं? आधी पलीकडं तुमची माय झोपायची. मग सून आली. आन् तुमी तरी कवा म्हणलाव?"

लोकांच्या बाजेवरचा मधला झोळ त्याला लांबून दिसायचा. घरचा त्यानं महिन्याच्या महिन्याला आपल्या हातानं काढून टाकला होता.

ही बाज व्हायच्या आधी गावात त्यांचं झोपणं कधी एका जागी नव्हतंच. भिवराबाई आत सासूजवळ, तो बाहेर ओट्यावर. तेव्हा जवळ झोपायला मिळालं ते फक्त फडात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. कोपी एवढीशी, की एकानं कूस बदलली तर दुसऱ्याला बदलावीच लागायची. मुकादम नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतो. दिवसभर एक कोयता म्हणून राबायचं आणि रात्री तशाच एका गोधडीत शिरायचं. कुणी काही म्हणायचं नाही, कारण सगळ्या कोप्यांतून तेच.

कसं झोपलं की कुणाचं काय दुखत नाही, हे त्यांना हळूहळू सापडत गेलं होतं. कोयता मारून मारून गहिनीनाथचं उजवं मनगट सुजलेलं असायचं, म्हणून तिनं कायम त्याच्या डाव्या अंगाला झोपायचं. मोळ्या वाहून तिची मान धरलेली असायची. मानेखाली त्याचा हात आला की कळ निघायची. म्हणून हात जरा खाली, खांद्याच्या पात्याखाली, आणि डोकं त्याच्या छातीच्या कडेवर. आदिनाथ पोटात होता त्या हंगामात तिला पाठीवर झोपवेना, कुशीवर झोपलं की पोट ओढायचं. तेव्हा गहिनीनाथनं वाढ्याची बारकी पेंढी करून तिच्या पोटाखाली सारली होती आणि मागून आपले गुडघे तिच्या गुडघ्यांत बसवले होते. अठ्ठाविसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली. फडातल्या निम्म्या बायांची काढलेली होती. त्यानंतर वर्षभर तिला पोटावर हाताचं ओझं सोसायचं नाही. ते वर्ष त्यांनी पाठीला पाठ लावून काढलं. पौषाच्या थंडीत तीही ऊब पुरायची.

पहाटे चारला ट्रॅक्टरचा भोंगा वाजायचा. भिवराबाई दर वेळी झोपेत विचारायची, "गाडी आली का?" आणि आलेली असायचीच.

मग एका हंगामात ती डोक्यावर मोळी असताना चक्कर येऊन पडली. ओझं बंद, असं डॉक्टरनं सांगितलं. ते कायमचे गावी आले. आणि गहिनीनाथनं तिच्यासाठी ती रुंद, ताठ बाज विणली.

त्या दुपारी त्यानं पायथ्याची गाठ सोडली. दोरी सैल केली आणि टोक तिच्या हातात दिलं. "तूच खोच," तो म्हणाला. तिच्या बोटांना जोर नव्हता. त्यानं दोरी ताणून धरली आणि तिनं दोन पीळ दिले, टोक खालून वर सारलं. मग त्यानं तिला उचलून बाजेवर घेतलं. वजन असं राहिलंच नव्हतं. तो तिच्या उजव्या अंगाला आडवा झाला आणि बाजेनं आपलं काम केलं. दोघं घरंगळत मधे आली.

"आसं," भिवराबाई म्हणाली.

तेवढंच. झोळात तिची छाती खाली गेली आणि श्वास कोंडला. ती तोंड उघडून हवा ओढायला लागली, ओठ काळेनिळे पडले. गहिनीनाथ उठायला गेला तर झोळातून त्याला पटकन उठता येईना. आवाज ऐकून रोहिणी ओल्या हातानं धावत आली. दोघांनी मिळून तिला परत लोखंडी पलंगावर टेकवलं. श्वास जागेवर यायला अर्धा तास लागला.

संध्याकाळी आदिनाथ चिडला. "डॉक्टरनं काय सांगितलंय आबा? सपाट न्हाई झोपवायचं. तुमाला एवढं कळंना?"

"कळतंय," गहिनीनाथ म्हणाला.

"मग बाजंवर कावून घेतलं तिला?"

हे पोराला सांगता येण्यासारखं नव्हतं. गहिनीनाथ चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर गेला.

पण आता त्याच्या डोक्यात ते काम बसलं होतं. श्वास लागणाऱ्या बाईला नवऱ्याच्या कुशीत झोपता येईल अशी बाज. चौदा वर्षं त्यानं जे केलं त्यातलंच एक काम, फक्त जरा अवघड. दुसऱ्या दिवशी त्यानं बाजेच्या उशाकडच्या खुरांखाली चार-चार विटा घातल्या आणि भिवराला वर न घेता आधी स्वतः आडवा होऊन बघितलं. तो सरकत सरकत पायथ्याला गेला. मग त्यानं पायथ्याला गोधडीची वळकटी अडवली. तेव्हा गुडघे वर आले आणि पोट दबलं. हेही चालणार नव्हतं. छाती उचलायची, कंबर धरायची, गुडघे जरा वाकवायचे, आणि रुंदी दोघांची. भोकरीच्या काडीनं मातीत रेघा मारत तो दुपारभर बसला. चावीच्या पलंगाचा आकार बरोबर होता. फक्त तो एकट्या माणसासाठी केलेला होता.

त्यानं आदिनाथला विचारलं, "आसा पलंग चार फुटी मिळंल का?"

"चार फुटी कशाला? पेशंट एकच आसतो आबा."

"मग सांगाडा तू करून दे. वेल्डिंगचा. वीण मी घालतो."

"पण एवढा रुंद?"

"उशा मावत न्हाईत तिच्या."

आदिनाथनं बापाकडं बघितलं. उशा दोनच होत्या. स्वयंपाकघराच्या दारात रोहिणी परात घेऊन उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "मामा म्हणतेत तसा करा की. लई प्रश्न तुमाला."

आदिनाथनं गॅरेजात दोन दिवस रात्रपाळी करून सांगाडा जोडला. गहिनीनाथ अंगणात विणायला बसला. भिवराबाईला खिडकीतून दिसावं म्हणून त्यानं सांगाडा बरोबर खिडकीसमोर ठेवला होता. पाठीकडची वीण घट्ट, कमरेपाशी मऊ, मधे एक हलका झोळ ठेवायचा. झोळ मोजून ठेवायचं काम त्यानं कधी केलेलं नव्हतं. दोनदा चुकलं, दोनदा उसवलं.

"आजून किती?" भिवराबाई आतून विचारायची.

"चार दिवस."

"ताणू नगा लई."

"न्हाई ताणत."

अर्धी वीण झाली आणि तिची तब्येत उतरली. दोन दिवस अन्न गेलं नाही. लघवी कमी झाली, बोलणं तुटायला लागलं. गावातल्या डॉक्टरनं बघून नुसती मान हलवली. तात्याबा आला. त्यानं पलंगाजवळ उभं राहून भावजयीचे पाय बघितले आणि गहिनीनाथला दारापाशी बोलावलं.

"गहिन्या, आता खाली घ्या तिला."

याचा अर्थ गहिनीनाथला ठाऊक होता. बाजेवर, पलंगावर जीव जाऊ देत नाहीत. माणसाचं काही खरं नाही असं दिसलं की जमीन सारवून खाली घेतात. त्याच्या आईला घेतलं होतं, बापाला घेतलं होतं. ज्या बाजा तो विणत आला, त्यांच्यावरून शेवटी सगळ्यांनाच खाली उतरायचं असतं.

"खाली टाकली तर श्वास कोंडंल तिचा," तो म्हणाला.

"आरं, आता श्वास ऱ्हायलाय किती. बाजंवर गेली तर मागं लोकं काय म्हणतील?"

गहिनीनाथनं आत जाऊन भिवराबाईला विचारलं. "खाली घेऊ का तुला?"

तिनं डोळे उघडले. "कोपीत?" ती म्हणाली.

मग त्यानं रोहिणीला भिंतीकडंची जागा सारवायला सांगितली, आणि स्वतः गोठ्यातून कडब्याच्या चार पेंढ्या घेऊन आला. त्या सोडून त्यानं जमिनीवर जाड पसरल्या. वर दोन गोधड्या. मग तो स्वतः त्या अंथरुणावर बसला, भिंतीला पाठ लावून. कमरेमागं वळकटी घेतली, गुडघ्यांखाली एकेक पेंढी घेतली, पाय फाकवले. "आदिनाथ, द्या तिला हिकडं," तो म्हणाला.

आदिनाथ आणि रोहिणीनं भिवराबाईला उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं. तिची पाठ त्याच्या छातीला टेकली. डोकं त्यानं डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली घेतलं. तिच्या गुडघ्यांखाली रोहिणीनं उशी सारली. त्यानं डावा हात तिच्या अंगाभोवती घेतला. पोटावर ठेवला नाही; बरगडीच्या कडेला ठेवला. तिची छाती उचललेली होती, बरोबर डॉक्टरनं सांगितली होती तेवढी. श्वास एकदा अडकला, दोनदा अडकला, मग संथ चालायला लागला.

तात्याबा अवघडला. "आरं, आसं धरून बसतेत का? मान्सं येतील भेटायला."

"खाली घ्या म्हणलास, घेतली," गहिनीनाथ म्हणाला. "सपाट टाक म्हणला न्हाईस."

तात्याबानं डोक्यावरचा पटका काढला, घडी केली आणि भावाच्या मानेमागं, भिंतीला टोचू नये म्हणून, घातला. मग तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. भेटायला येणाऱ्यांना तो तिथूनच वाटेला लावायचा. "झोपलीय," म्हणायचा. रोहिणीनं खोलीच्या दाराला आपली जुनी साडी पडद्यासारखी लावून टाकली.

सगळ्यांना वाटलं होतं, रात्र निघायची नाही. ती पाच दिवस राहिली.

पाच दिवस गहिनीनाथ तिच्या पाठीशी बसून होता. उठायचा तो फक्त गरजेपुरता. तेवढ्यात आदिनाथ त्याच्या जागी बसायचा. पहिल्या वेळी आदिनाथला आईला असं धरताना संकोच झाला, नंतर झाला नाही. गहिनीनाथच्या पायाला मुंग्या आल्या की तो तिच्या दंडावर दोन बोटं आपटायचा. मग तिनं अंग जरासं सैल सोडायचं आणि त्यानं पाय बदलायचा. कोपीत कूस बदलताना त्यांची हीच खूण होती. मधल्या चौदा वर्षांत ती दोघांपैकी कुणीच विसरलं नव्हतं.

ती बोलायची फार कमी. एकदा म्हणाली, "तुमच्या छातीत लई आवाज येतो."

"आसूंदे."

"पयला येत नव्हता."

"पयला तू लगीच घोरायचीस. तुला काय ऐकू येतंय."

तिच्या पाठीतून हसल्याची हलकी थरथर त्याला लागली.

झोपेतून ती मधेच विचारायची, "गाडी आली का?"

"न्हाई आली. झोप आजून," तो म्हणायचा. एकोणीस हंगाम तिला हे उत्तर कधी मिळालं नव्हतं. ते ऐकून ती पुन्हा जड व्हायची.

पाचव्या दिवशी दुपारी बाहेर ऊन होतं. खिडकीतून अर्धा विणलेला सांगाडा दिसत होता, त्याच्यावर रोहिणीनं धुतलेली चादर वाळत टाकली होती. गहिनीनाथच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. त्यानं तिच्या दंडावर दोन बोटं आपटली. ती हलली नाही. त्यानं थोडं थांबून पुन्हा आपटली.

मग तो हलला नाही. पाय पार बधिर झाला तरी त्यानं तो बदलला नाही. ओट्यावर तात्याबा कुणालातरी सांगत होता, झोपलीय, संध्याकाळी या. गहिनीनाथनं त्याला हाक मारली नाही. रोहिणी चहा घेऊन पडदा सारून आत आली तेव्हा तिला सासऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून पुन्हा बाहेर गेली. पडदा नीट ओढून घेतला. आदिनाथला फोन तिनं लगेच लावला नाही.

दिवस झाले, माणसं पांगली. लोखंडी पलंग परत गेला. अंगणातला सांगाडा तसाच होता. आदिनाथनं एकदा विचारलं, "आबा, ह्याची वीण पुरी करताव का? न्हाईतर सांगाडा गॅरेजात नेऊ?" गहिनीनाथ म्हणाला, "ने." आदिनाथ नेतो नेतो म्हणाला, पण त्यानंही नेला नाही.

अवस आली. सकाळी चहा पिताना आदिनाथ म्हणाला, "घरची बाज लई खाली गेलीय आबा. तुमची पाठ धरंल. आज ताणायची का? मी ताणतो, तुमी नुसतं सांगा."

गहिनीनाथ बाजेच्या पायथ्याशी जाऊन उकिडवा बसला. दोन पीळ, टोक खालून वर सारलेलं. पीळ जरा कच्चा होता. त्या दिवशी तिच्या बोटांना जोरच नव्हता. टोक केव्हाही निसटलं असतं. त्यानं अंगठ्यानं ते थोडं आत दाबलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

दुपारी तो बाजेवर आडवा झाला. आपल्या काठाला झोपला, डाव्या अंगाची जागा मोकळी ठेवून. बाजेनं त्याला तिथं राहू दिलं नाही. हळूहळू घरंगळत तो मधल्या झोळात गेला आणि तिथं एकटाच थांबला.